कर्ता कोण?

एम. ए. मराठीच्या विद्यार्थ्यांना कामाचा अनुभव घेण्यासाठी पाठवायचे कोठे, हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम 2024 च्या जानेवारीत उभा राहिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून 2023-24 पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमाची रचना बदलली आणि दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे 'ऑन जॉब ट्रेनिंग' आले. वाणिज्य आणि विज्ञान विभागांतली मंडळी सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ओळखीपाळखी काढू लागली. आम्ही दोघे पडलो मराठीचे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्या झाल्या, आकाशवाणी झाली, 1840 साली स्थापन झालेले आमचे सार्वजनिक वाचनालय झाले. तरी दोन मुली उरल्याच.

शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याला दूरध्वनी केला. बी. ए.ला तो आमच्या वर्गात होता. पुढे एम. बी. ए. करून पुण्यात दहा वर्षे त्याने 'बिझनेस अ‍ॅनालिस्ट' म्हणून नोकरी केली आणि टाळेबंदीच्या काळात नाशिकला परतून सात-आठ माणसांची एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्याने दोघींना ठेवून घेतले. महिन्याभराने त्याचाच दूरध्वनी आला. "सर, मॅडमही शेजारी आहेत ना? दोघी लिहितात सुंदर. पण विचारत नाहीत. आणि खरं सांगू का, जरा जास्तच सुंदर लिहितात."

या तक्रारीचा अर्थ कळायला आम्हाला पुढचे तीन महिने लागले.

बिझनेस अ‍ॅनालिसिस म्हणजे नेमके काय, हे तोवर आम्हाला माहीत नव्हते. 'व्यवसाय-विश्लेषण' असा शब्द करून पाहिला. तो दिसतो बरा, पण सांगत काहीच नाही. विद्यार्थ्याने मग साध्या भाषेत सांगितले. व्यापाऱ्याला कांदा कळतो, संगणक कळत नाही. संगणकावर काम करणाऱ्या मुलांना संगणक कळतो, कांदा कळत नाही. मधे एक माणूस लागतो. आज काम कसे चालले आहे, अडते कोठे, नेमके काय बदलायला हवे, हे तो समजून घेतो आणि दोन्ही बाजूंना एकच अर्थ लागेल असे लिहून काढतो. या मधल्या माणसांची एक आंतरराष्ट्रीय संस्था 2003 साली कॅनडात स्थापन झाली, तिचा जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ आहे, परीक्षा आहेत. फ्रेडरिक ब्रुक्स या संगणकतज्ज्ञाने तर 1986 मध्येच एका निबंधात म्हणून ठेवले होते, की आज्ञावली बांधण्यातला सर्वांत अवघड भाग म्हणजे काय बांधायचे ते नेमके ठरवणे. हे ऐकून आम्हाला आपला जुना 'दुभाष्या' आठवला. मग हे तर भाषेचेच काम झाले, असे वाटून आम्ही सुखावलोही. ते सुख फार टिकले नाही.

दोघींपैकी एकीकडे निफाड तालुक्यातल्या एका कांदा व्यापाऱ्याचे काम होते. त्या भागातला लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. लासलगावची बाजार समिती 1947 ची. शेतकरी ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये कांदा आणतो, वाहने रांगेत लागतात, व्यापाऱ्यांचा घोळका एकेका वाहनापाशी थांबून बोली करीत पुढे सरकतो आणि पाहता पाहता भाव फुटतो. त्या सौद्याची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. मग काट्यावर वजन होते, त्याची पट्टी होते. मग माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो आणि शेवटी हिशेबाची पट्टी होऊन पैसे मिळतात. म्हणजे सौदापट्टी, काटापट्टी आणि हिशेबपट्टी. बोलताना सगळेच नुसते 'पट्टी' म्हणतात, आणि प्रत्येकाला नेमकी कोणती ते कळते.

आमच्या विद्यार्थिनीने हे सर्व आठ पानांत लिहिले होते. ती पाने त्याने आमच्यापुढे ठेवली. वाचून आम्हाला अभिमान वाटला. वाक्ये घोटीव, परिच्छेदाला परिच्छेद जुळलेला. एकाच कागदाला पहिल्या परिच्छेदात 'पट्टी' म्हटले होते, दुसऱ्यात 'पावती', तिसऱ्यात 'चिठ्ठी' आणि पुढे एके ठिकाणी 'दस्तऐवज'. परिणाम असा झाला, की संगणकावर काम करणाऱ्या मुलाने एका कागदासाठी चार वेगवेगळे तक्ते तयार केले. उलट वजनाचा आणि हिशेबाचा असे दोन कागद 'पट्टी' या एकाच नावाखाली आल्यामुळे त्या दोहोंचा मिळून एकच तक्ता झाला. दहा दिवसांचे काम वाया गेले. पोरगी रडवेली होऊन बसली होती. "सर, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला तर तुम्ही मार्क कापता," ती म्हणाली.

हे खरे होते. पुनरुक्तीखाली लाल रेघ ओढण्यात आमची उमेदीची वर्षे गेली आहेत. समानार्थी शब्दांची श्रीमंती हा आमच्या अध्यापनाचा पायाच म्हणा ना. तो पाया एका कांद्याच्या पट्टीवर घसरला. एका वस्तूला एकच शब्द, आणि एका शब्दाला एकच वस्तू, हा तिथला पहिला नियम. कोणत्याही कामाचे पहिले पान म्हणजे शब्दांची यादी. व्यापाऱ्याच्या माणसांसमोर बसून ती करायची आणि त्यांच्याकडून मान्य करून घ्यायची. त्यानंतर त्या यादीबाहेरचा शब्द वापरायचा नाही, मग परिच्छेद कितीही रुक्ष होवो.

येथे थोडे विषयांतर. रघुनाथ नारायण हणमंते यांचा 'राज्यव्यवहारकोश' आम्ही भाषेच्या इतिहासात शिकवतो. शिवछत्रपतींच्या आज्ञेने झालेला, दहा वर्गांचा, सुमारे चौदाशे शब्दांचा कोश. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, भाषाशुद्धीचा पहिला प्रयत्न, एवढे सांगून आम्ही पुढे जातो. परीक्षेत प्रश्नही तेवढ्यावरच येतो. त्या दिवशी घरी येऊन कोश पुन्हा उघडला, तेव्हा लेखनवर्ग, पण्यवर्ग, दुर्गवर्ग ही नावे निराळी दिसू लागली. ही तर कचेऱ्यांची, बाजाराची, किल्ल्यांची कामाची यादी आहे. नाना ठिकाणच्या कारकुनांनी एका शब्दाने एकच गोष्ट समजावी, ही गरज त्यामागे नसेलच असे आता म्हणवत नाही. हा आमचा केवळ तर्क आहे, अभ्यासकांनी तपासावा. असो.

मुलींना दोष देण्यात अर्थ नव्हता. जे आम्हाला येत नव्हते ते त्यांना कोठून येणार? म्हणून आम्हीच त्याच्याकडे शिकायला जायचे ठरवले. मार्च-एप्रिलमध्ये सहा शनिवार दुपारी आम्ही त्याच्या कार्यालयात जाऊन बसलो. पहिल्या दिवशी तो उभा राहूनच बोलत होता. आम्ही बस म्हटले तेव्हा कोठे बसला.

त्याने पहिल्यांदा आम्हाला प्रश्न विचारायला शिकवले. इंग्रजीत त्याला एक भारदस्त शब्द आहे, पण मराठीत आपल्याकडे 'बोलते करणे' आहेच आणि तो त्याहून चांगला आहे. समोरच्याला "तुम्हाला काय हवे?" असे विचारायचे नाही, कारण त्यावर माणूस आपल्याला सुचलेला उपाय सांगतो, अडचण सांगत नाही. "तुम्ही नेहमी काय करता?" असेही नाही, त्यावर तो नियम सांगतो. विचारायचे ते असे: "काल शेवटचे वाहन आले, तेव्हा पहिल्यापासून काय काय झाले?" यावर मात्र खरी गोष्ट बाहेर येते, काटा बंद होता, पुतण्याने अंदाजे आकडा टाकला, मग रात्री दुरुस्ती केली वगैरे. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी लगेच बोलायचे नाही. थोडे थांबायचे. पुष्कळदा कामाचे वाक्य त्या शांततेनंतर येते. आम्हा दोघांना हे थांबणेच सर्वांत जड गेले. वीस वर्षे वर्गात प्रश्न विचारून त्याचे उत्तर स्वतःच देण्याची सवय लागलेली.

दुसऱ्या शनिवारी त्याने घरचा अभ्यास दिला. "तुमच्या कॉलेजातला कोणताही एक कागद घ्या आणि त्याच्या मागे चालत जा. तो कोठे थांबतो, किती वेळ थांबतो, ते लिहून आणा." आम्ही बोनाफाईड दाखला निवडला. एसटीच्या सवलतीच्या पासासाठी तो तेव्हा लागे. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूंनी रोज येणारी मुले आमच्याकडे बरीच आहेत. निवडताना मनात हेतू होता तो कार्यालयाच्या दिरंगाईचा पंचनामा करण्याचा, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही घरी बसून दीड पान लिहून नेले. 'विद्यार्थ्याकडून अर्ज सादर केला जातो. अर्जाची छाननी केली जाते. तद्नंतर आवश्यक त्या शिफारशीसह अर्ज पुढे पाठविला जातो. दाखला निर्गमित करण्यात येतो.' त्याने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक क्रियापदाभोवती गोल काढला. "छाननी केली जाते. कोण करतं, सर? शिफारस आवश्यक आहे. कोणाला?"

व्याकरण शिकवणाऱ्या माणसांना हे ऐकून घ्यावे लागले. मोरो केशव दामल्यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 चे, आम्ही ते दरवर्षी उघडतो. कर्तरी, कर्मणी, भावे हे प्रयोग आणि 'केले जाते' हा नवीन कर्मणी आम्ही फळ्यावर उदाहरणांसह लिहितो. कर्त्याला लपवण्याची सोय म्हणून एखादा प्रयोग सबंध कचेऱ्यांना पोसतो, हे आम्ही कधी सांगितले नव्हते, कारण आम्हालाच ते दिसले नव्हते. 'कार्यवाही करण्यात यावी' या वाक्यात कर्ता कोठे आहे, असा प्रश्न आम्ही एकाही प्रश्नपत्रिकेत घातलेला नाही.

"प्रत्येक वाक्य कर्तरीत आणा," तो म्हणाला. "आणि कर्ता सापडेना, तर लिहायचं थांबवा आणि विचारायला जा."

मग आम्ही विचारायला गेलो. मोठ्या कागदावर आडवे पट्टे आखायचे, एकेका माणसाला एकेक पट्टा द्यायचा आणि कागद ज्याच्या हाती असेल त्याच्या पट्ट्यात चौकोन काढायचा, अशी ही पद्धत आहे. कामाच्या पायऱ्या आलेखाने मांडण्याची कल्पना तशी जुनी. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने अमेरिकेतल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेपुढे ती 1921 मध्येच मांडली होती. आमचे पट्टे सहा झाले: विद्यार्थी, खिडकीवरचे भाऊसाहेब, शिपाईमामा, विभागप्रमुख, कार्यालय अधीक्षक, प्राचार्य. भाऊसाहेब जनरल रजिस्टर पाहून नाव पडताळतात, चार मिनिटे. अधीक्षक तपासून सही करतात, दोन मिनिटे. प्राचार्य गठ्ठ्याने सह्या करतात, रोज दुपारी. शिक्का आणि जावक क्रमांक यांना मिळून पाच मिनिटे. प्रत्यक्ष हात लागण्याचा वेळ सगळा मिळून पाव तासाच्या आतबाहेर होता. कागदाला मात्र सरासरी नऊ-दहा दिवस लागत होते. उरलेले दिवस तो होता कोठे?

भाऊसाहेबांनी कपाटातून मागल्या जुलैचा गठ्ठा काढून दिला. प्रत्येक अर्जावर आवक शिक्का होता, प्रत्येक सहीखाली तारीख होती. आम्ही तारखा एक्सेलमध्ये भरल्या. (हेही त्याच सहा शनिवारांत शिकलो. दोन तारखांची वजाबाकी संगणकाला सांगता येते हे पाहून आम्हा दोघांना जो आनंद झाला, त्याची थट्टा घरोघरी झाली.) मग ओळी दिवसांच्या संख्येप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्या. सर्वांत जास्त दिवस एकाच पट्ट्यात होते, आणि तो पट्टा विभागप्रमुखांचा होता. म्हणजे आमचा. आम्हा दोघांपैकी एक विभागप्रमुख आहे आणि दुसऱ्याकडे रजेच्या दिवशी सहीचा अधिकार असतो. मामा अर्ज आणून काचेखालच्या वजनाशेजारी ठेवत आणि आम्ही सवडीने सह्या करीत असू.

टोयोटाच्या कारखान्यात ताईची ओनो यांनी रूढ केलेली 'पाच वेळा का' विचारण्याची रीत तोवर आमची शिकून झाली होती. विभागप्रमुखाची सही का लागते? भाऊसाहेब म्हणाले, पहिल्यापासून आहे. का? अधीक्षक म्हणाले, विभागप्रमुख मुलाला ओळखतात म्हणून. आम्ही मनात म्हटले, ओळखतो कुठे? अर्ज न वाचताच तर सही करतो. निवृत्तीला आलेल्या मामांनी अखेर सांगितले. पूर्वी प्रवेशाच्या पक्क्या याद्या कार्यालयात ऑगस्टअखेरपर्यंत तयार होत नसत, हजेरीपट मात्र विभागात असे. म्हणून मुलगा खरोखर वर्गात आहे एवढे विभागाने लिहून द्यायचे. आता प्रवेशाच्या दिवशीच नाव संगणकावर चढते. सहीचे कारण कधीच गेले होते, सही तेवढी राहिली होती. अकरा वर्षे आम्ही ती करीत होतो.

त्या गठ्ठ्यात तृतीय वर्ष कलेच्या एका मुलाचा अर्ज होता. दिंडोरी तालुक्यातला. वडील द्राक्षबागेत मजुरीला जातात. आवक शिक्का 11 जुलै 2023, आमची सही 24 जुलै, दाखला 28 जुलै. नाव ओळखीचे वाटले म्हणून आम्ही हजेरीचे कागद काढले. जुलैत तो आठवड्यातून दोन-तीनदाच आला होता. पूर्ण तिकीट काढून रोज येणे त्याला परवडत नसणार. मग ऑगस्टात हजेरी थोडी सुधारली, सणावारांत पुन्हा घसरली. सप्टेंबरमध्ये कमी हजेरीची जी यादी लागली, तिच्यात त्याचे नाव होते. खाली सही आमची. त्या नोटिशीतले वाक्यही आम्हीच रचलेले: 'सदर विद्यार्थ्यांना परीक्षेस बसू दिले जाणार नाही, याची नोंद घेण्यात यावी.' पाचव्या सत्राच्या परीक्षेला तो बसला नाही. दिवाळीनंतर महाविद्यालयात आलाच नाही.

तिसऱ्या शनिवारी आम्ही तो कागद पसरला, तेव्हा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एका दाखल्यावर सगळं ढकलू नका, मॅडम. 'का' अजून विचारायचे आहेत. शेवटचा 'का' त्याला विचारा."

दूरध्वनी क्रमांक प्रवेश-अर्जावर होता. दोन दिवस आम्ही तो लावला नाही. मग लावला. तो द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये होता, क्रेटच्या नोंदी करण्याच्या कामावर. मागे यंत्राचा आवाज येत होता. आम्ही सांगायचे ते सांगितले. सही कोणी, किती दिवस अडवून ठेवली, ते कर्तरी प्रयोगात सांगितले. तो म्हणाला, "नाही नाही मॅडम, तसं काही नव्हतं. पास मिळाला होता ना नंतर. घरचंच होतं." आम्ही शिकल्याप्रमाणे थांबलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "त्या यादीत नाव लागलं, मग बाबा म्हणाले, आता कशाला जातो." मग पुन्हा यंत्राचा आवाज. मुक्त विद्यापीठातून उरलेली पदवी पुरी करता येईल, ते तर आपल्या नाशिकातच आहे, असे आम्ही सुचवले. बघतो म्हणाला. पुढे त्याच्याकडून काही कळले नाही, आणि आम्ही दोनदा विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारले नाही.

मुलींचे ऑन जॉब ट्रेनिंग यथासांग पार पडले. एकीला त्याने तेथेच ठेवून घेतले. पट्टीच्या चार नावांची जी होती ती हीच. आता ती ज्या याद्या करते त्या वाचायला अत्यंत कंटाळवाण्या असतात आणि त्यातला एक शब्द बदलायचा म्हटले तरी ती व्यापाऱ्याला विचारून येते. वर्गात आम्ही एक तासिका कर्तरी-कर्मणीला जास्त देतो. महाविद्यालयाच्या सूचना-फलकावरील नोटिसा आणून मुले त्यांतले कर्ते शोधतात. फलक सांभाळणाऱ्यांना हे फारसे आवडलेले नाही.

दाखल्याचे म्हणाल तर, सहीची अट काढावी असा दोन पानी प्रस्ताव आम्ही 2024 च्या मेमध्ये दिला, सर्व वाक्ये कर्तरीत. तो मंजूर झाला. योगायोग असा, की त्याच जूनमध्ये एसटीने पास थेट शाळा-महाविद्यालयांत देण्याची मोहीम सुरू केली आणि महाविद्यालयाने विद्यार्थ्यांची यादी दिली की काम भागू लागले. पासापुरता दाखल्याचा प्रश्न असा आमच्याविनाच मिटला. बँकेसाठी, वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी मात्र दाखले लागतातच. नव्या अर्जात विभागप्रमुखाचा रकाना नाही. पण जुने छापील अर्ज दोन हजारांवर शिल्लक आहेत, ते आधी संपवायचे असे ठरले आहे, आणि त्या रकान्यावर मारण्यासाठी 'आवश्यकता नाही' असा रबरी शिक्का करून घेण्यात आला आहे. तो कोणी मारायचा हे ठरलेले नाही. तूर्त तो आमच्याच खणात आहे.